घेणारा नसलेली पॅकेट्स

ही घटना खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी इथेच थांबावे. आमच्या घरात कोणी तोंडाला येईल ते बोलत नाही.

रविवारची भर दुपार. रुग्णालयाच्या तळघरातील सर्व्हर रूम. तिथले नेटवर्क आमची धाकटी सून सांभाळते. त्या आठवड्यात तिचे स्वतःचे वडील वर अतिदक्षता विभागात होते. खाटेजवळच्या मॉनिटरमधून हृदयाचे ठोके पॅकेट्सच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांच्या रूपाने सर्व्हरवर येत आणि तिथून परिचारिकांच्या पडद्यावर जात.

तिने सहज पाहिले. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, काही पॅकेट्स टाकून देत होता.

टाकलेल्यांचा आकडा चढत होता... संथपणे... एकेक करून.

 ही बाबांची तर नव्हेत?

तिने वरिष्ठांना फोन लावला.

"जागा पुरत नाही म्हणून टाकतोय का?" ते घास चावत म्हणाले.

"नाही सर, त्याचा आकडा वेगळा असतो, तो शून्य आहे. घेणारा कोणी नाही म्हणून टाकतोय."

"मग जीव कशाला टांगणीला लावतेस? एखादा मॉनिटर तूच सर्व्हरवरच्या यादीतून काढला असशील. तो आपला बडबडतोय. बंद कर नि जेवून घे."

खरेच, सकाळी तिने एक काढला होता. वडिलांच्या शेजारच्या बाई पहाटे गेल्या, त्यांचा.

ती वर गेली. वडील झोपले होते. शेजारचा मॉनिटर भांडारात ठेवलेला. वायर गुंडाळलेली...

बॅटरी काढलेली.

खाली येऊन तिने येणारी पॅकेट्स पाहण्याचा प्रोग्राम सुरू केला.

आकडा थांबला.

यात नवल नव्हते. तो प्रोग्राम स्वतःच पॅकेट्स घेतो, मग ड्रायव्हर ती टाकलेली मोजत नाही. पण पडद्यावर ती येतच होती... त्याच मॉनिटरच्या पत्त्यावरून... ठोक्यामागून ठोका.

तिने प्रोग्राम बंद केला.

आकडा धावू लागला. कोणी घाबरून दार बडवावे तसा.

तिने प्रोग्राम पुन्हा सुरू केला. हळूहळू ठोके संथ झाले...

तेवढ्यात वरून परिचारिकेचा फोन आला.

"ताई, बाबा जागे झालेत. म्हणतात, शेजारच्या बाईंची तगमग आत्ता कुठे थांबली." तिने आवाज खाली आणला. "तिथे तर कोणीच नाही हो."

प्रोग्राम चालू ठेवूनच सून वर धावली. तो आजही चालू आहे. वरिष्ठ ओरडले, तिने दाद दिली नाही.

वडील चार-आठ दिवसांत गेले. त्यांचा मॉनिटर सर्व्हरवरून काढण्याचा निरोप तिला केव्हाच मिळाला आहे. सून कामात चोख आहे, हे मी सासू असून सांगते.

ते एक काम मात्र तिने अजून केलेले नाही.

या घरात मी कोणालाही काहीही विचारू शकते. वडिलांच्या त्या मॉनिटरवरून अजून काही येते का...

हे मी विचारलेले नाही.