खालचा रंग

प्रांजलला पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून, नाहीतर तिच्या नवऱ्याला तिथंच चपलेनं बडवला असता.

वारूळवाडीत माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायचं रीतसर शिकलेय मी. आणि माझ्याच धाकट्या बहिणीचे चांगले काळेभोर डोळे या गोकुळनं पुण्याला नेऊन लेझरनं घारे करून आणले होते.

"अगं ताई, ओरडू नको ना. तू बघ तरी, किती छान दिसतात," प्रांजल म्हणाली. डोळ्यांतून पाणी गळत होतं तिच्या.

"छान? डोंबल तुझं! उद्या काचबिंदू झाला म्हणजे कळेल."

"तिनंच हौसेनं करून घेतलं, ताई," गोकुळ मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

हौस कुणाची, ते मला ठाऊक होतं. गोकुळ निमगाव साव्याचा द्राक्षबागायतदार, बिजवर. त्याची पहिली बायको वैजयंता शेततळ्यात बुडून गेली. तळ्यात अंथरलेल्या त्या काळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, एकदा घसरलं की माणूस वर येत नाही. आमच्याकडं रीत आहे, बिजवराच्या बायकोनं मेलेल्या सवतीचा मुखवटा उठवलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती शांत राहते. लग्नात सासूनं, म्हाळसाबाईंनी, तसा टाक करायचा म्हटलं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण गोकुळ केवढा भडकला! "असली खुळं नकोत. तिचं नाव बी घरात नको," म्हणाला.

आणि वैजयंताचे डोळे घारे होते. चष्म्याला ती माझ्याकडंच यायची. गळ्यात नको झाली होती, डोळ्यांत चालली मेल्याला!

मी प्रांजलला तपासायच्या यंत्रासमोर बसवलं. या लेझरनं बुबुळाचा वरचा तपकिरी थर जाळतात, मग खाली जो रंग असेल तो दिसायला लागतो. डाव्या बुबुळात खालच्या अंगाला राईएवढा तांबूस ठिपका होता. वैजयंताच्या डोळ्यात अगदी त्याच जागी तसाच ठिपका होता.

थोडा थर जळायचा राहिला असेल, मी स्वतःला सांगितलं. दुसरं काय असणार?

पुढं म्हाळसाबाईंचा फोन आला. "राजनंदिनी, तुझ्या बहिणीनं पत्र्याच्या पेटीची किल्ली काढली गं. देवळीतली वीट सारून. वैजयंतानं कुठं ठिवली व्हती, कुणालाच ठावं न्हवतं."

"झाडताना सापडली असेल."

"झाडत न्हवती. सरळ गेली नि काढली." मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्याकडं बघत बसती. घास गिळंना झालाय मला."

मी प्रांजलला एकटीला बोलावून घेतलं. भर दुपारी आली ती. अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून मी तिचा उजवा डोळा झाकला.

"काय दिसतं?"

"काळं."

"अक्षरं वाच, प्रांजल."

"काळा कागद हाय. निसरडा. नखं लागत न्हाईत."

प्रांजल बी.कॉम. झालेली. ती असं बोलत नाही. बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता आणि दुकानात शेवाळाचा वास सुटला होता.

"वरती काय आहे?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"काठावर उभं हायेत. हात खिशात घालून."

"कोण?"

"आमचं मालक."

प्रांजल गोकुळला नावानं हाक मारते. मी झाकणी काढून फेकली. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, इतकं की ओढणी पिळून काढावी लागली.

मी तिला परत पाठवलं नाही. कुठं पाठवणार, त्याच्या घरी?

न्यायला तो स्वतःच आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. जुन्नरच्या सोनाराकडून करून आणलेला चांदीचा टाक त्याच्या मुठीत होता. वैजयंता त्या चांदीच्या पत्र्यावर हुबेहूब उठवलेली.

"आईचं ऐकायला पायजे व्हतं, ताई. एवढा घाला तिच्या गळ्यात."

"तू काठावर उभा होतास ना रे, भडव्या? हात खिशात घालून?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणी सांगितलं?"

नाही म्हणाला नाही. कुणी सांगितलं, एवढंच म्हणाला.

त्याचा गळा धरावा असं वाटत होतं. पण त्याआधी मी तो टाक हिसकावून घेतला. विश्वास गेला खड्ड्यात. मला माझी बहीण परत हवी होती.

आतल्या खोलीचा पडदा सारून प्रांजल बाहेर आली.

गोकुळ मागं सरकला. पाठ काचेच्या कपाटाला टेकली.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ. मग माझ्या हातातला टाक घेतला, उलटा सुलटा केला, पदरानं पुसल्यासारखा ओढणीनं पुसला आणि परत माझ्या तळहातावर ठेवला. तो ओला झाला होता.

"ह्यो कशाला?" ती म्हणाली. "मी हाय की."

मी तिला हाक मारली. दोनदा मारली.

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. ओळखीच्या दुकानदाराकडं बघावं, तसं.

"तुमच्या बहिणीचा टाक करून घ्या," ती हळूच म्हणाली. "सोनाराला दाखवायला फोटू आसंल ना तिचा, तुमच्याकडं?"