न चुकणारा ठोका

संशोधन केंद्राच्या भिंतीवर साथीचा नवा नकाशा उजळला, तेव्हा डॉ. सुनीती बर्वे खुर्चीतच पेंगत होत्या. महिनाभराच्या साथीने त्यांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. मध्ये रविवारी तासाभरासाठी घरी जाऊन, नातीला मांडीवर घेऊन, बारसं उरकून आल्या, तेवढाच काय तो विसावा.

"मॅडम, आपल्याच इमारतीत आणखी चार," बशीर मुजावर म्हणाला. केंद्राचा हा गणिती साथीच्या सुरुवातीलाच आजार भोगून उठला होता.

"मनगटावरच्या पट्ट्या वाजल्या ना? मग औषध द्या. ताप चढायच्या आत मिळालं की हृदय वाचतं."

"दिलं. पण ह्यांना लागण झाली कुणाकडून?"

"पुन्हा पहिल्यापासून मांडू," बाई कंटाळून म्हणाल्या. "निरोगी हृदय कधी मोजूनमापून चालत नाही. श्वास घेतला की पळतं, सोडला की रेंगाळतं. हा विषाणू शिरला की रेंगाळणं बंद. ठोके एकसारखे पडतात. समताल. ताप त्यानंतर दोन दिवसांनी. आपली स्पंदनपट्टी तो समताल ओळखते."

"आणि काहींना ताप येतच नाही. ते हिंडतात आणि रोग वाटत सुटतात. असा एक जण आपल्यात आहे. चौघंही त्याच्याजवळ बसलेत, पण त्याची पट्टी गप्प आहे."

"गप्प कशी राहील? कुणाला वगळलंय का आपण?"

बशीर घुटमळला. "तुम्हीच सांगितलं होतं. पट्टी सारखी बोंबलते, झोपू देत नाही, पेसमेकरवाल्यांना गाळून टाक म्हणालात. यंत्राचा ठोका मुळातच एकसारखा."

"मग? असे किती आहेत इथे?"

"तुम्ही एकट्याच, मॅडम."

काखेत कळसा नि गावाला वळसा! बाईंना हसू आलं आणि स्वतःची चीडही आली. इतके दिवस ज्याला त्या थकवा म्हणत होत्या, तो नुसता थकवा नव्हताच. काळजाचा ठोका चुकावा अशी गोष्ट, पण छातीतलं यंत्र आपलं इमानेइतबारे चालूच होतं. मग त्यांना रविवार आठवला. तान्ह्या मनगटाला बसेल अशी पट्टी अजून निघालीच नव्हती.

त्यांनी मुलाला फोन लावला. "मंदार, छोटी कशी आहे रे?"

"मजेत. आई, गंमत सांगू? पाळण्याला ते ठोके दाखवणारं यंत्र लावलंय ना, त्यातला आकडा रोज नुसता नाचायचा. मी घाबरायचो. आज सकाळपासून एकशेतीसवर जो बसलाय, तो हललेलाच नाही. शहाणी झाली बघ तुझी नात!"

"अंग गरम लागतंय तिचं?" बाईंनी घाईने विचारलं.

"नाही गं."

"मग उचल तिला आणि इकडे घेऊन ये. आत्ताच्या आत्ता."