भुवईवरची अक्षता

आपण प्रेमात पडलोय, हे यामिनीला सगळ्यांत शेवटी कळलं. तेही मामीच्या टीव्हीवर.

लग्न मामेबहिणीचं, ज्योतीचं. लग्न वैशाखात झालं आणि फिल्म आली श्रावणात. पडद्यावर अंतरपाट दूर झाला, अक्षता उधळल्या, आणि करवली यामिनी दिसली. कोणाकडे तरी बघून हसणारी... इतकी सावकाश, की हसू जणू पाण्याखालून वर येतंय. मागे बासरी. आणि लगेच पुढे नवरदेवाचा मित्र धवल, मान तिरकी करून पार विरघळलेला.

"अगं बाई!" मामीने मागे घेऊन पुन्हा पाहिलं. "यामे, लई लबाड हायेस गं तू!"

"मामी, मी त्याला ओळखतसुद्धा नाही!"

"लाजती बघ कशी!"

ती फिल्म धवलने पाहिली, त्याच्या आईनेही पाहिली. सुप्याच्या कंपनीतून तो रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाचं चित्र पाठवू लागला. आता रविवारी ती मंडळी तिला बघायला राहुरीला मामीकडे येणार होती. नाही म्हणावं, तर पुराव्याला हसू होतं. तिचं स्वतःचंच.

शुक्रवारी भुरभुर पावसात ओढणी सावरत ती स्टँडमागच्या स्टुडिओचा जिना चढली आणि दारातच थबकली. अंधाऱ्या खोलीत मोठ्या स्क्रीनवर कुणाची तरी वरात थांबवून ठेवलेली. त्या निळसर उजेडात बसलेला मुलगा तिला बघून असा गडबडून उठला, की हेडफोनची वायर खुर्चीत अडकली.

"गहिनीनाथ तुम्हीच ना? ज्योतीच्या लग्नाची फिल्म केलेले?"

"हो... शूटिंगही माझंच."

"मग सांगा, मी त्या धवलकडे बघून कधी हसले?"

त्याने खुर्ची पुढे सरकवली. मग हळूच म्हणाला, "बसा ना... भिजलाय तुम्ही."

त्याने स्क्रीनवर तिचं हसू आणलं आणि त्याच्यापुढे जिलेबीचं ताट जोडलं. पडद्यावरची यामिनी एकदम खादाड दिसायला लागली. जिलेबी काढून त्याने कानपिळी लावली, नवरदेवाचा कान धरलेला ज्योतीचा भाऊ... आणि यामिनी झाली डांबरट. मग पाठवणीला रडणारी मामी.

"शी! किती दुष्ट दिसतेय मी!"

"हसू तेच आहे. पुढे काय जोडतो, त्यावर सगळं."

"मग जिलेबीच ठेवायची होती. ती तरी आवडते मला."

तो हसला, पण लगेच नजर खाली गेली. "तुमच्या हसण्यापुढे कोणाचा तरी चेहरा हवा होता. ते असं अधांतरी सोडवेना. आणि ज्याचा हवा होता... त्याचा शॉटच नव्हता माझ्याकडे."

"कोणाचा?"

त्याने बासरी बंद केली. खालचा खरा आवाज वर आला. सनई, पोरांचा गलका, आणि तिचाच दबका आवाज — "ओ कॅमेरावाले... भुवईवर अक्षता!"

तिला लख्ख आठवलं. स्टुलावर उभा, दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले, भुवईवर लालसर दाणा, आणि तो पाडायला नाक वाकडं करणारा हाच. बासरी गेली तशी स्क्रीनवरची नजरही तिला वेगळीच वाटली. असं बघतो आपण कुणाकडे? तिची कानशिलं गरम झाली.

"माहीत होतं तुम्हाला. तरी धवलला जोडलंत?"

"कॅमेरावाला फिल्ममध्ये दिसत नसतो. आणि हे हसू माझं आहे, असं मीच कसं म्हणू? ...फिल्म उगाच नाही लांबली. या एका शॉटवर अडकून बसलो होतो."

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. यामिनी उठली, टेबलावरचा कॅमेरा तिने दोन्ही हातांत घेतला.

"चालू कसा होतो हा?"

"ते लाल बटण... कशाला पण?"

"तुमच्या बॅगेत अक्षता असतीलच."

असायच्याच. लग्नसराई संपली तरी त्या बॅगेच्या कानाकोपऱ्यातून निघत राहतात. तिने एक दाणा वेचला, बोटाच्या टोकाने त्याच्या भुवईवर टेकवला... आणि बोट काढायला जरा उशीर केला.

"हलू नका. माझ्याकडे बघा."

"हेही खोटंच झालं की," तो श्वास धरून पुटपुटला. "तो दिवस वेगळा होता."

"शॉट आजचा आहे," ती म्हणाली. "बघणं तेव्हाचंच."

शनिवारी संध्याकाळी मामीचा फोन आला. "यामे, ही दुसरीच फिल्म काय धाडलीस गं? धवल कुठं गेला? अन् हा कोण, भुवईला तांदूळ लावून येड्यावानी बघतोय?"

यामिनीने डोळे मिटले. "मामी... मी त्याच्याकडेच बघून हसले होते."

मग मामी सावकाश म्हणाली, "न्हाई म्हनलं तरी पोरगं गोड हाय."

"धवलला मी स्वतः सांगते. तू रविवारचे पोहे तेवढे कर. पाहुणे बदललेत."

मामीने फिल्म मागे घेतली असावी, कारण फोनमधून पुन्हा यामिनीचाच आवाज आला, कसलीही बासरी नसलेला — "ओ कॅमेरावाले..."