कुलदीपच्या दुकानातले तीन शनिवार

चंद्रपुरातल्या चार दुकानांनी रिनाला हसून परत पाठवलं होतं. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर डांबर वितळलेलं, आणि कडेवर चादरीत गुंडाळलेलं ते ओझं. ती रसवंतीच्या बाकावर टेकली. चादर जरा सरकली... आणि शेजारचा तरुण ताडकन उभा राहिला.

"मॅडम, हा इथी कसा काय आला?"

चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर होता तो. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र. टीव्हीला जोडायचा, कॅसेट लावून प्रोग्राम चढवायचा. त्याच्याकडे बघताना त्या तरुणाचे डोळे असे काही चमकले, की रिनाला उगाच हेवा वाटला.

"माझ्या आत्याचा आहे," ती म्हणाली. "चित्र दिसते, आवाज नाई. कराल का दुरुस्त, भाऊ?"

"करतो. फक्त भाऊ नका म्हणू."

"काऊन?"

"असंच..." तो रसाच्या ग्लासात बघत म्हणाला.

त्याचं नाव कुलदीप. मागच्या गल्लीत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. रिना पोंभुर्ण्याच्या शाळेत कंत्राटी शिक्षिका. तिला वाढवलं ते सत्यशीलाआत्यानं. आत्याही शिक्षिकाच, तरुणपणी तिनं या यंत्रावर स्वतः एक धून रचली होती, वर्गातल्या मुलींसाठी. आता ती अंथरुणाला खिळली होती. धून तिलाही आठवत नव्हती, ती उरली होती फक्त कॅसेटवर, तीही प्रोग्राम म्हणून; या यंत्राशिवाय ती वाजली नसती. रोज एकच मागणं – "एकदा वाजव ना वो, रिना."

पहिल्या शनिवारी कुलदीपनं यंत्र खोललं आणि खाली मान घालून सांगितलं, "खाणीत सुरुंगाच्या कामावर होतो. उजवा कान गेला. डावा जाऊन राह्यला, बारीक आवाज पकडतच नाई. डॉक्टर म्हणते, त्यानं वर्ष काढलं तरी खूप. मी तपासायची सुई एकेका जागी लावतो, हेडफोनमधून ऐका तुम्ही."

त्यानं कूलर बंद केला. हेडफोन तिच्या कानांवर चढवताना केसांची एक बट अडकली. ती त्यानं हलकेच सोडवली.

"काय येते?"

"घुरघुर. म्हातारा बोका निजल्यावानी."

तो खळखळून हसला. एक सुकलेला कंडेन्सर बदलला आणि बोका गप्प झाला. पण आवाज नव्हताच.

दुसऱ्या शनिवारी त्यानं सुई आवाजाच्या चिपच्या पायाला टेकवली.

"आला! टींऽऽ करून राह्यला!"

"अन् इथी?" त्यानं सुई पुढं सरकवली.

"नाई."

"म्हणजे चिप जिती आहे. आवाज रस्त्यात अडकून राह्यला." लागणारा सुटा भाग नागपूरहून यायचा होता. तो हळूच म्हणाला, "कसा आहे आवाज?"

"बारीक. जरासा भांडकुदळ."

"तुमच्यासारखा."

"माझा ऐकू येते का तुमाले?"

"डावीकडं बसलात, तर..."

रिनानं स्टूल उचललं आणि त्याच्या डाव्या हाताला नेऊन ठेवलं. त्या दिवशी तिची शेवटची बस चुकता चुकता राहिली.

तिसऱ्या शनिवारी त्यानं सोल्डरचा शेवटचा टाका मारला. कॅसेट फिरली. आणि स्पीकरमधून आत्याची धून निघाली, स्वच्छ, नाचरी. कुलदीप श्वास रोखून तिच्याकडं बघत होता.

"आला?"

झालं, रिनाच्या मनात आलं. आता चौथा शनिवार नाही. अजून एकच शनिवार मिळाला तर... पुढच्या वेळी खरं सांगून टाकीन.

"नाई," ती म्हणाली.

त्याचा चेहरा विझला. "मले वाटलं होतं थोडंसं... पण माझ्या कानाचा काय भरवसा." त्यानं वीज बंद केली, तापलेली सोल्डरिंगची इस्त्री उचलली. "मग चिपच गेली असंन."

"थांबा, राहू द्या आज!" ती ओरडली. पण ती त्याच्या उजवीकडं उभी होती. ओढताना चिपचा एक पाय तुटला, बोर्डावरची तांब्याची रेघ सोलून निघाली. तशी चिप आता कुठंच बनत नव्हती.

मग रिना डावीकडं आली आणि सगळं खरं सांगितलं.

त्यानं वर पाहिलं. "काऊन, रिना?"

"पुढच्या शनिवारी यायचं होतं मले. तुम्ही आवडता मले."

"यंत्र नसतं तरी बोलावलं असतं मी." त्यानं इस्त्री खाली ठेवली. "माझे कान तर गेलेच होते. उरले होते ते तुमचेच. आता तुम्ही काही सांगान, अन् मी मनात विचारत राहीन – खरं असंन का? असं नाई जमत मले."

"मग?"

"भाऊ आरमोरीले बोलावून राह्यला, धानाच्या गिरणीवर. जातो. तिथी तसंही कोणाले कोणाचं ऐकू येत नाई."

त्यानं यंत्र नीट चादरीत बांधलं, गाठ दोनदा तपासली, बसपर्यंत उचलून आणलं. बस हलली तेव्हा रिना खिडकीतून काहीतरी बोलली. त्यानं नुसती मान हलवली.

घरी आत्या उशीवरून उठून बसायला धडपडत होती. "झाला का वो आवाज?"

"झाला होता, आत्या. साफ ऐकला मी." आणि तिनं काही न लपवता सांगितलं.

आत्या उशीवर टेकली. रागावली नाही. म्हणाली, "तू ऐकली ना? मग गाऊन दाखव."

रिनानं डोळे पुसले, गुणगुणायला लागली. पाच-सहा सूर बरोबर आले.

"पुढं?" आत्यानं विचारलं.

रिनाला पुढचं आठवेना. ते सूर वाजत होते, तेव्हा ती कुलदीपच्या चेहऱ्याकडं बघत होती.