टेपचं दुसरं टोक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं एक अक्षर माझ्या पदरचं नाही. तोमोहारु माझ्यासोबत जुनी घरं मोजायचं काम करतो. थापा मारणारा माणूस नाही तो.

गेल्या वर्षी, सव्वीस नोव्हेंबर. जपानमधल्या हिदाच्या डोंगरातलं ओनोदानी गाव. दुपारचे तीन.

गावात एकच माणूस उरलेलं. फुमिए आजी, वय एक्क्याऐंशी. शेजारचं गवती छपराचं घर गेंजिरोचं. तो वारून अकरा वर्षं झाली. तरी आजी रोज सकाळी त्याच्या घरातली चूल पेटवायची. धूर लागला नाही की छपराचं गवत कुजतं.

एप्रिलमध्ये आजी मुलाकडे शहरात जाणार होती. मग चूल बंद. पुढच्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने घर बसणार.

वाचवायचा एकच मार्ग. मापं घ्यायची, वसंतात घर खांब-खांब उतरवायचं आणि संग्रहालयात परत उभं करायचं.

तोमोहारुने आत शिरून चुलीपलीकडे पिशवी ठेवली.

"उचल ती, पोरा. मालकाची जागा आहे."

मग आजी त्याला अंगणात घेऊन गेली. आवाज खाली आणला.

"घर हलवायचं आत बोलू नकोस. त्याला मी अजून सांगितलेलं नाही."

तो हसला. "मग सांगा की, आजी. तुमचं ऐकेल तो."

"जिवंतपणी कधी ऐकलं नाही, आता काय ऐकतोय."

त्याचा कामातला जोडीदार तापाने घरी झोपलेला, म्हणून खालच्या मापांना टेपचं टोक आजीनेच धरलं. मग तोमोहारु माळ्यावर चढला. एकच माप राहिलेलं, आढ्याचं. त्याशिवाय बाकी सगळी फुकट.

वर काळोख. काजळी.

मागे शिडी करकरली...

टेपचं टोक त्याच्या हातातून हळूच कुणीतरी घेतलं. पट्टी सरसरत पलीकडच्या अंधारात गेली. ताठ झाली.

"जरा वर धरा, आजी."

टोक वर गेलं.

आजीचे दुखरे गुडघे आठवून त्याला नवल वाटलं. पण काम होत होतं ना. बोलायच्या सवयीने तो बोलून गेला, "वसंतात हेच आढं पहिलं उतरवू. संग्रहालयात लोक फोटो काढतील बघा."

फळ्यांच्या फटीतून वर येणारा धूर... थांबला.

आणि बाहेर, अंगणात, लाकडं फोडल्याचा आवाज आला.

मग आजीचा खोकला.

बाहेरून.

पट्टीला हिसका बसला. तो एक पाऊल पुढे ओढला गेला. मग अजून एक. टेप तिथेच टाकून तो शिडीवरून अक्षरशः घसरत खाली आला.

आजी कुऱ्हाड टेकून उभी होती. त्याचा चेहरा बघितला तिने.

"बोललास ना?"

त्यानंतर ऑफिसने आणखी दोघांना पाठवलं. घर बाहेरून अठरा मीटर लांब. त्यांची टेप तीस मीटरची.

माळ्यावर ती पुरली नाही.

वसंत गेला. आजी शहरात गेली. घर तिथेच राहिलं.

काल डोंगरात पहिला बर्फ पडला. रस्ता बंद व्हायच्या आत तोमोहारु एकटाच वर जाऊन आला. दारातूनच माफी मागायची होती त्याला.

दाराला कुलूप होतं. बर्फावर कुणाची पावलं नव्हती.

छपरातून धूर निघत होता...

उंबऱ्यावर त्याची टेप ठेवलेली. नीट गुंडाळून. टोकावर काजळीने माखलेल्या बोटांचे ठसे.

त्याने ती उचलली नाही.

मघाशी हे सांगताना तो सारखा खिडकीबाहेर बघत होता. बर्फ अजून पडतोय. आणि नकाशात आढ्याचा रकाना रिकामाच आहे.