क्षितिजाची उंची

भिंतीचं माप घ्यायला गेलो होतो, एवढंच. दुपारची वेळ, खिशात टेप, कानावर पेन्सिल. माझी उमेदीची वर्षं नाटकांचे पडदे रंगवण्यात गेली. नाटकं बंद पडली, तेव्हा मी मॉडेल रेल्वेवाल्यांच्या तावडीत सापडलो. हौशी माणसं ही. टेबलावर बोटभर उंचीचे डबे पळवायचे आणि मागच्या देखाव्यासाठी माझं डोकं खायचं. लांबचं झाड हिरवं नको, निळसर धुरकट हवं. खोलीचा कोपरा दिसायला नको, म्हणून बोर्ड वाकवून गोलाई द्यायची. आणि सगळ्यात मोठी गोम क्षितिजाची. बघणाऱ्याचे डोळे जेवढ्या उंचीवर, तेवढ्याच उंचीवर ती रेघ यायला हवी, नाहीतर अख्खा डोंगर खोटा पडतो.

हे गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. मी त्यांना काका म्हणायचो. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, घरात एकटेच. नजर झपाट्याने अधू होत होती. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते.

"तेवढ्यात होईल ना, पेंटर?" त्यांनी विचारलं. "पहिली बदली झाली ती दरी. चार वर्षं होतो आम्ही तिथे. फोटो एकही नाही. एकदा डोळे भरून बघू द्या, मग गेले तरी चालतील."

त्यांचं टेबल जेमतेम गुडघ्याच्या वर होतं. एवढं बुटकं का, म्हटल्यावर म्हणाले, "ही बसून बघायची." शेजारी तिचं स्टूलही होतं.

काका सहा फुटी गडी. त्यांना बोर्डाला टेकवून उभं केलं, डोळ्यांच्या पातळीवर खूण केली आणि साडेपाच फुटांवर रेघ मारली. मग ते सांगत गेले नि मी रंगवत गेलो. पाण्याची टाकी, वाफेची इंजिनं, कौलारू क्वार्टर, धुक्यातून आधी आवाज आणि मग येणारी मालगाडी. माझा पहिला डोंगर त्यांनी नाकाजवळ जाऊन तपासला. "हा फार शहाणा दिसतोय. आमचा जरा येडा होता, एका खांद्याने पडलेला." मी खांदा पाडला. इतक्या सुखाने मी कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं.

चौथ्या सकाळी गेलो, तर रेघ वीतभर खाली.

आधी वाटलं, आपलंच माप चुकलं. पुसून पुन्हा साडेपाचावर घेतली. दुसऱ्या दिवशी ती आणखी खाली. नुसती रेघ नाही, तिच्याबरोबर डोंगर, टाकी, क्वार्टर, सगळं नव्याने बसवलेलं. रंग ओला. फटकारे माझेच, ढगाची कड डावीकडे ओढायची माझी खोडसुद्धा तीच. डब्यांची झाकणं मात्र मी लावून गेलो तशीच घट्ट. खोलीत टर्पेंटाइनच्या वासाखाली दुसरा एक वास होता, ओल्या कोळशाचा. काकांवर संशय घ्यावा, तर त्यांना चहाच्या कपाचा कान सापडायची मारामार.

तीन दिवस मी इरेला पेटून रेघ वर नेली. चौथ्या दिवशी हात चालेना.

"काका... इथे कुणी येतं का? मी गेल्यावर?"

"कोण येणार?"

"रेघ खाली येतेय. रोज."

त्यांनी बोर्डाकडे तोंड वळवलं. "कितीवर आलीय?"

टेप लावला. "साडेतीन फूट."

काकांनी चाचपडत स्टूल ओढलं आणि बसले. डोळे बारीक करून बघत राहिले. मी वाकून त्यांच्या खांद्याजवळ डोकं नेलं, आणि सगळं जागच्या जागी बसलं. रूळ थेट आमच्याकडे येत होते.

"हे क्वार्टरच्या पायरीवरून दिसतं," ते म्हणाले. "मी दरी बघितली ती इंजिनातून. उंचावरून, पळती. ही पायरीवर बसायची... गाडीची वाट बघत. चार वर्षं. आणि मी एकदा विचारलं नाही, तुला काय दिसतं गं इथून?"

ते रडले. मलाही रडू आलं, लपवून काय करू.

उरलेला देखावा मी त्याच उंचीवरून पुरा केला. रेघ पुन्हा हलली नाही. काका रोज स्टुलावर बसून बघायचे, थोडं थोडं कमी दिसत गेलं तरी बघायचे. त्यांना दरी बघायला मिळाली, याचं मला फार समाधान वाटलं.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "डोळे गेले पेंटर, अगदी काळोख. पण जरा येऊन जा. खोलीत परत ओल्या रंगाचा वास येतोय."

गेलो. दारातच पाय थबकले. क्वार्टर अक्राळविक्राळ मोठं झालं होतं. हात टेकून चढाव्या लागतील अशा उंच पायऱ्या. पाण्याची टाकी आभाळात घुसलेली. आणि रेघ पार खाली, टेबलाच्या कडेपासून थोडीशीच वर.

"कितीवर?" काकांनी विचारलं.

मी टेप लावला. "पावणेतीन फूट." आणि मला मेल्याला धीर सुटला की थट्टा सुचते. "एवढं बुटकं कोण आहे हो तुमच्याकडे?"

काका हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, तळहात जमिनीकडे करून हवेत एका उंचीवर धरला. मोजायला लागलं नाही त्यांना.

"एवढी होती," ते म्हणाले. "तीन वर्षांची. तापाने गेली... तिथेच ठेवून आलो. पुन्हा नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं आमचं. हिने शेवटपर्यंत पाळलं. मीसुद्धा."

त्यांचा हात तसाच हवेत होता, खाली काही नव्हतं, नुसती फरशी. मी बघत होतो, आणि तो तळहात हळूच बोटभर वर उचलला गेला. कुणीतरी खालून ढकलावा तसा.

काकांची बोटं हळूहळू वाकली, कशावर तरी टेकली.

"वाढलीय थोडी," ते म्हणाले.