नळी पुसायची नाही

प्रेम माणसाला सगळ्या सीमांपलीकडे घेऊन जातं. देवासमध्ये ते मुखर्जी नगरपर्यंत नेतं. त्यापुढे पाइपलाइनसाठी रस्ता खोदून ठेवलेला आहे.

या खोदकामाच्या अलीकडे, फोटोकॉपीच्या दुकानाच्या वर, 'नोन्ना' म्हणजे 'आजी' नावाचं अर्जेंटिनी-इटालियन रेस्टॉरंट आहे. लोक त्याला 'नाना का होटल' म्हणतात आणि नाना कुठे दिसत नाहीत, अशी काळजीही करतात. मालक उमाशंकर, मूळचा जवळच्याच बागलीचा. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला, ब्युनोस आयर्सला उतरला आणि एका इटालियन म्हातारीच्या खाणावळीत इतकी वर्षं रमला, की परतला तेव्हा त्याच्या आईने आधी त्याला जेवायला वाढलं आणि मग ओळखलं. अर्जेंटिनाच्या स्वयंपाकातून मांस वजा केलं की इटली उरते. इटलीतून कांदा-लसूण वजा केला की बटाटा उरतो. आणि पर्युषणात बटाटाही वजा केला की एकटा उमाशंकर उरतो.

प्रणव चिटणीस एका खासगी शाळेत भूगोल शिकवत होता. दरवर्षी नववीच्या वर्गात तो पंपासचा गवताळ प्रदेश शिकवायचा, तिथले वारे फळ्यावर बाणांनी दाखवायचा. स्वतः मात्र नाशिकच्या पुढे गेलेला नव्हता. त्यामुळे नोव्हेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी तो 'नोन्ना'चा जिना चढला, तो जेवायला म्हणून नव्हे, खात्री करायला म्हणून.

आत जागा नव्हती. उमाशंकरने त्याला खिडकीजवळच्या टेबलावर एका मुलीसमोर बसवलं. "भिया, शेअर कर लो. दीदी अकेली हैं."

दीदी भलत्याच कामात होती. तिची नजर स्वयंपाकघराच्या दारावर होती आणि हात टेबलाखालच्या पर्समध्ये. हात वर आला, ताटलीवरून एकदा झर्रकन फिरला आणि परत खाली गेला. ताटलीतल्या पांढऱ्या मऊ गोळ्यांवर रतलामी सेव पडली होती. तिच्या डोक्यामागच्या भिंतीवरच पाटी होती – 'सेव मांगकर शर्मिंदा न करें.'

"बघितलंत?" तिने विचारलं.

"नाही... म्हणजे, हो."

"मग थोडी घ्या. लौंगवाली आहे."

"त्यांना कळलं तर –"

"तर म्हणायचं, मी हिला ओळखत नाही. तसंही कुठे ओळखता?"

प्रणवने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हनुवटीला सेवेचा एक तुकडा चिकटला होता. तो तिला सांगावा, की नुसतं बघत राहावं... सभ्य माणसाने सांगितलं असतं. प्रणव बघत राहिला.

मग त्याची न्योकी, म्हणजे तेच बटाट्याचे मऊ गोळे, आली. पहिला घास त्याने चावायला घेतला, तर चावायला तोंडात काही नव्हतं. गोळा विरघळून गेला होता आणि मागे लोण्याचा, जायफळाचा आणि कसल्याशा पाल्याचा वास तेवढा रेंगाळत होता. बटाटा तो जन्मापासून खात आला होता. बटाट्याला हे जमतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. समोर बसलेली मुलगी त्याच्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाली, "माझंही पहिल्यांदा अस्संच झालं होतं." बास. एवढं एकच वाक्य. भूगोलाच्या शिक्षकाला दिशा कळेनाशा झाल्या.

तिचं नाव जान्हवी नारखेडे. वडील भुसावळकडून गिअरच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. ती त्याच औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यात इंजिनिअर होती. फिरणाऱ्या गिअरचा आवाज ऐकून कुठे काय बिनसलंय ते सांगायची. प्रणवला यात चमत्कार वाटला. तिला वाटलं, वारे बाणांनी दाखवणं हाही चमत्कारच आहे, फक्त पगार कमी.

रविवारामागून रविवार गेले. कधी ती आधी यायची, कधी तो, आणि कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, यावर दोघंही ठाम होते. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. उमाशंकरच्या आलं होतं. तो आता एकच मेन्यूकार्ड आणून ठेवायचा.

जानेवारीत माळव्याची थंडी पडली आणि उमाशंकरने जेवण झाल्यावर खास गिऱ्हाइकांना 'माते' हे तिकडचं पेय पाजायला सुरुवात केली. मुठीत मावेल एवढी भोपळ्याची तुंबी, तीत कसलीशी कडू हिरवी पानं, वरून कढत पाणी आणि मध्ये धातूची एक नळी. नळी सगळ्यांना मिळून एकच. एकाने पिऊन तुंबी परत द्यायची, उमाशंकर पुन्हा पाणी भरणार, मग दुसऱ्याने त्याच नळीने प्यायचं. तिकडे अनोळखी माणसंही अशी पितात आणि उठताना अनोळखी राहत नाहीत, असं त्याने सांगितलं. फक्त नळी पुसायची नाही. पुसली की समोरच्याचा अपमान.

आता चिटणीसांचं सांगायला हवं. प्रणवचे पूर्वज देवास संस्थानाच्या धाकट्या पातीच्या दरबारात पत्रं लिहायचे. दरबार गेला, पत्रं गेली, ते वळणदार मोडी अक्षरही गेलं. शिल्लक राहिलं ते सोवळं. चिटणीसांच्या घरात कुणी कुणाचं उष्टं खात नाही. पाणी प्यायचं ते वरून, तांब्याला ओठ न लावता. प्रणव स्वतःच्या बाटलीतलं पाणीही वरूनच प्यायचा आणि चालत्या बसमध्ये एक थेंब सांडू द्यायचा नाही.

त्या संध्याकाळी आधी उमाशंकर प्यायला, मग जान्हवी. मग तुंबी प्रणवच्या हातात आली. त्याने नळी बाजूला धरली, मान मागे टाकली आणि माते वरून ओतली.

कढत पाणी आणि मूठभर पाला त्याच्या मफलरमध्ये गेला. जान्हवी इतकी हसली की तिला ठसका लागला. "भिया, ऐसे नी पीते," उमाशंकर म्हणाला आणि त्याने नवी पानं भरली. जान्हवीने पुन्हा एकदा पिऊन दाखवलं, अगदी शिकवल्यासारखं, आणि हसतच तुंबी पुढे केली. प्रणवही हसत होता. हसता हसता त्याचा हात खिशात गेला, रुमाल बाहेर आला आणि नळीचं टोक त्याने स्वच्छ पुसलं.

उमाशंकर उठून काउंटरकडे गेला. तिथे त्याचं काही काम नव्हतं.

"सवय आहे," प्रणव म्हणाला. "तुझ्यामुळे नाही... मी कुणाचंच –"

"मला माहितीये." ती आता हसत नव्हती. "कंपनी मला चाकणला पाठवतेय, प्रणव. मोठा प्लांट आहे. पुढच्या सोमवारी हो की नाही ते सांगायचंय. आज तुला विचारणार होते, की काय करू." तिने शाल सावरली. "पण उद्या माझ्या आईने तुला तिच्या हातचं भरीत वाढलं, तर तू रुमाल काढशील का, हाच विचार करत बसले बघ."

त्याने रुमाल खिशात कोंबेपर्यंत तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून उतरून गेला होता.

आठवडा वाईट गेला. नववीच्या वर्गात त्याने पंपासचे वारे उलटे दाखवले आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, याचं त्याला जास्त वाईट वाटलं. घरी तो पेल्याला ओठ लावून पाणी पिऊ लागला. आईने दोनदा पाहिलं आणि मग विचारलं, बरं वाटत नाहीये का. शनिवारी त्याने तिला, काय वाटतंय ते सगळं सांगितलं.

रविवारी जान्हवी आली होती. खिडकीजवळच बसली होती. समोर उमाशंकर आणि मध्ये तुंबी. प्रणव खुर्ची ओढून बसला. तिचं पिऊन झालं तसा त्याने हात पुढे केला.

"जबरदस्ती नाहीये," ती म्हणाली.

"दे."

नळी तिच्या ओठांनी कोमट झाली होती. त्याने डोळे मिटले आणि ओठ टेकवले. कडू... मग धूर, मग ओल्या गवताचा वास, मग छातीपर्यंत उतरत जाणारी ऊब. ही पानं पंपासात होत नाहीत, पार ईशान्येच्या दमट पट्ट्यात होतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्या क्षणी सगळा गवताळ प्रदेश वाऱ्याने एका बाजूला झुकलेला त्याला दिसला. इतकी वर्षं आपण तो फळ्यावर काढत होतो, आणि तो इथे, फोटोकॉपीच्या दुकानावर होता. त्याने शेवटच्या घोटापर्यंत तुंबी संपवली. डोळे उघडले तर ती त्याच्याकडेच बघत होती.

"कसं आहे?"

"कडू." त्याने तुंबी दोन्ही हातांत धरली. "जान्हवी, तू चाकणला जा. तुझ्या कानाचं इथे चीज होणार नाही. फक्त... मी पण येईन. भूगोल तिकडेही शिकवतात."

"आणि तुझी आई?"

"तिला काल सांगितलं."

"काय बोलल्या?"

"नारखेडे म्हणजे कोण, असं विचारलं. मी म्हटलं, ज्यांच्या मुलीशी मला लग्न करायचंय ते. मग ती बराच वेळ कपबशा धूत होती. धुतलेल्याच."

जान्हवीने ओठ दाबून धरले. हसू होतं की दुसरं काही, ते प्रणवला कळेना.

"हे तू मला विचारतोयस, की कळवतोयस?"

"विचारतोय."

"मग नीट विचार ना, यार."

प्रणवने उमाशंकरकडे पाहिलं. उमाशंकर मोठ्या तन्मयतेने छत बघत होता.

"येऊ का... तुझ्याबरोबर?"

"ये," ती म्हणाली, आणि तुंबी त्याच्या हातातून काढून घेत तिने ती उमाशंकरपुढे धरली. "भैया, भरो."

त्या संध्याकाळी तुंबी तिघांत फिरत राहिली. पानांचा कडूपणा उतरला, थर्मास संपला, दुसरा आला.

सोमवारी जान्हवीने कंपनीला होकार कळवला. मंगळवारी प्रणवचा घसा बसला, बुधवारी उमाशंकरचा. जान्हवीचा शनिवारपासूनच खवखवत होता.